नऊ नंबरची हातोडी

शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आला त्याच दिवशी त्याने आमची बेल वाजवून हातोडी मागितली. दारात सहा फुटांहून उंच, रापलेला, कपाळावर जुन्या टाक्यांची खूण असलेला माणूस उभा. मी म्हटलं, हातोडी नाही. मला कळलं नसेल असं वाटून त्याने हवेत एक खिळा धरला आणि ठोकून दाखवला. मी पुन्हा म्हटलं, नाही.

"इथे किती वर्षं राहता?" त्याने विचारलं.

"बारा."

"आणि हातोडी नाही?"

आता त्याला काय सांगणार! आम्ही सिंगापूरला आलो ते दोन वर्षांसाठी. मग आणखी दोन, मग आणखी दोन. पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहण्याचा, अर्ज दोनदा नाकारला गेला, तरी राहिलोच. वुडलँड्समधलं हे आमचं तिसरं भाड्याचं घर. भिंतीला खिळा मारायचा नाही, असं प्रत्येक घराच्या करारात कलम असतं आणि आम्ही पडलो पुण्याचे, कलम वाचणारे. त्यामुळे आमचं कॅलेंडर चिकटवायच्या हुकावर. इथल्या दमट हवेत तो हुक अधूनमधून सुटतो, कॅलेंडर खाली येतं, आम्ही नवा हुक आणतो. टीव्हीचा रिकामा खोका स्टोअररूममध्ये जपून ठेवलेला, कारण परत जाताना लागेल. आईने क्रोशाने विणलेलं तोरण वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत, कारण ते 'आपल्या घराला' लावायचं.

त्याने ब्लॉकखालच्या दुकानातून हातोडी आणली आणि ठोकायला सुरुवात केली. ती भिंत त्याची आणि आमची सामाईक. तिसऱ्या ठोक्याला आमचं कॅलेंडर पडलं.

तो पराग्वेचा होता, धंद्याने फुटबॉलपटू, त्यातही स्ट्रायकर, म्हणजे गोल करणं एवढं एकच काम असलेला माणूस. इथल्या एका क्लबकडून खेळायचा. त्याचं नाव आईच्या तोंडात बसेना. पण बाहेर कपडे वाळत घालायच्या काठीवर त्याची जर्सी लटकलेली असायची, पाठीवर ठळक नऊ. आईने त्याला 'नऊ नंबर' म्हणायला सुरुवात केली, मग मी आणि माझी बायको मृणालही तेच म्हणू लागलो. तो हाकेला ओ द्यायचा. मी आईला आई म्हणतो हे ऐकून तोही तिला आईच म्हणायचा, आणि आई त्याच्याशी बेधडक मराठीत बोलायची.

खिळ्यावर त्याने काय टांगलं, हे बघायला आई दुसऱ्याच दिवशी गेली. गोल, पांढरी, कोळ्याच्या जाळ्यासारखी लेस होती, त्याच्या आईने विणलेली. आईने परवानगी न विचारता ती खिळ्यावरून काढली, उलटी केली आणि मागची बाजू बघितली. "गाठ कुठे दिसत नाही. बाई हुशार आहे," असं म्हणून तिने ती परत टांगली. त्याला शब्द एकही कळला नाही, पण उलटी करून बघितली यातच त्याला सगळं समजलं असावं. त्या दिवसापासून त्या दोघांचं जमलं.

त्याचं सगळं करिअर मी भिंतींवरून ऐकलं. बोलिव्हियात भिंत इतकी ठिसूळ, की खिळ्याबरोबर मूठभर माती हातात आली. तिथल्या विरळ हवेत छाती फुटेस्तोवर पळून त्याने ढिगाने गोल केले. ग्वाटेमालात घरमालकीण खिळा बघून ओरडली आणि लेस बघून गप्प झाली. सायप्रसमध्ये मोसमाच्या मध्येच क्लब बुडाला, खिळा तेवढा शाबूत राहिला. कझाकस्तानात थंडीने बोटं बधिर झालेली, हातोडी अंगठ्यावर बसली, काळं नख घेऊन तो पहिला सामना खेळला. इंडोनेशियात लाकडी भिंत, एका ठोक्यात काम. "सगळ्यात चांगलं घर," तो म्हणाला, "आणि सगळ्यात वाईट रेफ्री." तोडक्यामोडक्या इंग्रजीत हे सगळं चालायचं, पण मला कधी काही अडलं नाही.

प्रत्येक ठिकाणी त्याला कुणी ना कुणी विचारायचं, वर्षभरासाठी कशाला भिंत खराब करतोस? मीही विचारलं. "वर्ष म्हणजे काय थोडं असतं? मी जिथे झोपतो ते माझं घर. उद्या इथून काढलं, तर उद्याचं उद्या बघू." घर सोडताना तो लेस घेऊन जायचा आणि खिळा तसाच ठेवायचा. खिळा काढायचा नाही, हा त्याचा एकमेव नियम.

अशा खेळाडूंना लोक भाडोत्री म्हणतात. वन-नॉर्थला माझ्या ऑफिसात, जेवताना, माझा एक सहकारी म्हणाला होता, "असे लोक कुठेच चालत नाहीत म्हणून गावोगाव फिरतात." मला राग आला. हा सहकारी स्वतः तीन देशांत चार कंपन्या बदलून आलेला, आणि त्याला 'ग्लोबल अनुभव' म्हणतात. नऊ नंबर तर दर शनिवारी चारचौघांसमोर, अकरा जणांच्या विरोधात, आपली किंमत नव्याने सिद्ध करायचा. आमच्यातल्या किती जणांना हे जमेल?

आम्ही त्याचे सामने बघायला जाऊ लागलो. छोटं स्टेडियम, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, आई मधोमध पाण्याची बाटली घेऊन. त्याची एक सवय पहिल्याच सामन्यात लक्षात आली. गोल हुकला की बाकीचे खेळाडू डोकं धरतात, गुडघ्यावर बसतात, आकाशाकडे बघतात. हा काही करायचा नाही. बारला आपटून गेलेल्या चेंडूकडे वळूनही न बघता तो हात लांब करून ओरडायचा, "ओत्रा!" म्हणजे काय, ते आईने नंतर मला विचारायला लावलं. त्याने सांगितलं, दुसरा. दुसरा चेंडू द्या. "हुकलेला चेंडू गोलकीपरचा झाला. पुढचा माझा." पुढच्या सामन्यापासून तो ओरडला की आई खुर्चीवरून ओरडायची, "दुसरा द्या रे त्याला!"

संध्याकाळी तो कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून बसायचा. शिंगाच्या पेल्यात कडू पाला, वरून बर्फाचं पाणी, आणि धातूच्या नळीने ते ओढायचं. त्याच्या देशात पेला सगळ्यांत फिरतो, नळी एकच. त्याने आईपुढे केला. आई म्हणाली, "अरे, उष्टं कसं पिऊ? माझ्या भांड्यात ओत." ती आतून स्टीलचं भांडं घेऊन आली. तो म्हणाला, भांड्यात प्यायचं असेल तर तुमचा चहाच प्या. दोघंही हटले नाहीत. मग वर्षभर रोज संध्याकाळी ती चहा घेऊन आणि तो पेला घेऊन शेजारी शेजारी बसायचे. दोघांनीही आपापलं सोडलं नाही, आणि दोघांचंही काही बिघडलं नाही.

मग तो अडतिसाव्या वर्षात आला आणि क्लबने बाविशीतला एक नवा मुलगा आणला. नऊ नंबर बाकावर गेला. एक दिवस मॅनेजरने त्याला बोलावून सांगितलं, शेवटच्या सामन्याच्या मध्यंतरात निवृत्ती जाहीर कर. पुष्पगुच्छ, फ्रेममध्ये बसवलेली जर्सी, भाषणं. बदल्यात लहान मुलांना शिकवायची नोकरी, कामाचा नवा पास, सिंगापुरात मुक्काम. नाही म्हटलंस, तर मोसमाबरोबर पासही संपेल.

मला ही फारच उत्तम सोय वाटली. मी इथल्या मराठी मंडळाचा माणूस, माझ्या हातून चाळीसेक सत्कार पार पडलेत. मी त्याला कॉरिडॉरमध्ये समजावलं, आमच्याकडेही मोठ्या माणसाला शाल देतात, नारळ देतात.

"आणि मग?"

"मग तो खुर्चीत बसतो."

"परत खेळत नाही?"

"नाही."

"मग नारळ कशाला?"

मराठीत नारळ देण्याचा आणखी एक अर्थ आहे, तो मी त्याला सांगितला नाही. त्याने पेल्यात पाणी ओतलं. "माझे पाय अजून पळतात. ज्या दिवशी पळणार नाहीत, त्या दिवशी मला आधी कळेल. त्यांना माझ्याआधी कसं कळलं?"

मी चिडलो. म्हटलं, वेडेपणा करू नकोस, इथे राहायला मिळावं म्हणून लोक आयुष्य घालवतात. आई आपला चहा पीत होती. ती म्हणाली, "तू कशाला त्याला बसवतोयस? त्याला उभं राहायचंय ना!" मला ते पटलं नव्हतं.

शेवटच्या सामन्याला आम्ही तिघंही गेलो. मध्यंतर झालं, मैदानावर छोटं टेबल आलं, त्यावर फ्रेम आणि फुलं. त्याचं नाव पुकारलं. सूट घालून यायचं ठरलेलं असताना तो पूर्ण पोशाखात, बुटांच्या नाड्या बांधून पळत आला. फुलं घेतली, फ्रेम घेतली, माईक घेतला.

"आभारी आहे. पण निरोप मी मागितला नव्हता. उद्या सकाळी मी सरावाला जाणार आहे. कुणाला नऊ नंबर हवा असेल, तर मी तिकडे बाकावर बसलोय."

आधी लोक हसले. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. आईने मला ढोसलं, "काय म्हणाला रे?" मी सांगितलं. आई उठून उभी राहिली आणि डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवू लागली. खरं सांगतो, मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली.

प्रशिक्षकाने त्याला उतरवलं नाही. संपूर्ण उत्तरार्ध तो बाकावर बसून राहिला आणि त्याने नाड्या सोडल्या नाहीत. शिकवायची नोकरी अर्थातच गेली. परतताना एमआरटीच्या गाडीत मी म्हटलं, "वेडेपणा केलास." तो म्हणाला, "असेल. पण माझा मी केला." मग त्याने ती फुलं मृणालला देऊन टाकली.

पास संपायला थोडेच दिवस उरले असताना त्याला मंगोलियातल्या एका क्लबचा फोन आला. खेळायला, शिकवायला नव्हे. आईला काळजी पडली. "तिथे तंबूत राहतात म्हणे. हा खिळा कुठे मारणार?" मी भाषांतर केलं. तो मोठ्याने हसला. "तंबूला खांब असतो ना, आई?"

जायच्या आदल्या दिवशी घरमालकाचा एजंट फ्लॅट बघायला आला. म्हणाला, खिळा काढा, भिंत पूर्ववत करा. नऊ नंबर म्हणाला, सगळं घर धुऊन देतो, खिळा राहील. बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी एजंट पुटपुटत निघून गेला. पुढे त्याने माणूस आणून तो उपटलाही असेल, मला माहीत नाही.

निघताना लेस त्याच्या बॅगेत होती आणि हातोडी हातात. विमानात कुठे सोबत नेणार, प्रत्येक देशात तो नवी घ्यायचा आणि जाताना कुणाला तरी देऊन जायचा. मी हात पुढे केला. त्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि हातोडी आईला दिली, वर खिळ्यांचा एक पुडा. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "जपून राहा रे बाबा. आणि बाकावर बसू नकोस." लिफ्टचं दार बंद झालं. मला अगदी रडू आलं, आणि त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही.

पुढच्या रविवारी आईने बॅगेतलं तोरण काढलं. दोऱ्याचा पांढरा रंग आता पिवळट झालेला, पण त्यावर विणलेले पोपट सगळे जागेवर होते. दारासमोर स्टूल ठेवून ती वर चढली. मृणालने स्टूल धरलं. मी म्हटलं, "आई, करारात स्पष्ट लिहिलंय. शिवाय पुढच्या वर्षी आपण इथे असू की नसू."

"यंदा आहोत ना?" आई म्हणाली आणि तिने हातोडी उचलली.

पहिल्याच घावाला खिळा वाकला, उडाला आणि चपलांच्या कपाटाखाली गेला. मी तो शोधायला वाकलो. आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीवरची नजर न काढता तिने हात लांब केला.

"दुसरा दे."