दाव्याला बांधलेला डबा

लॉकडाऊनमध्ये माझ्या पोटात उजवीकडे खाली कळ आली, तेव्हा आमच्या ह्यांनी माझ्यावर पहिला उपचार केला तो म्हशीचा. आमचा दुधाचा धंदा. म्हशीचं पोट फुगलं की ओवा-हिंग पाजायचं आणि वरून शेक द्यायचा, हे त्यांना पाठ. विटेचा तुकडा तापवून, फडक्यात गुंडाळून त्यांनी माझ्या पोटावर ठेवला.

"म्हस उठती, तू न्हाय उठणार व्हय?"

मी उठले नाही. ताप चढला, उलट्या सुरू झाल्या आणि दुधाच्या टेम्पोतून मला दवाखान्यात नेलं.

सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेलं दिसलं. डॉक्टरीणबाई कोरोनाच्या त्या पांढऱ्या पोशाखात पार झाकलेल्या, दिसायचे ते फक्त डोळे. शेकाची हकीकत ऐकून त्यांनी तेही मिटून घेतले. शेकल्याने ते फुटलं असतं, म्हणाल्या. एरवी लगेच ऑपरेशन केलं असतं, पण भूल देणारे डॉक्टर स्वतःच कोरोनाने आडवे झालेले.

"आत खडा नाही, फुटलेलंही नाही. सलाइनमधून औषध देऊन बघू. तोंडाने पाणीसुद्धा नाही. पोट कडक झालं तर मात्र कुठूनही माणूस आणून कापावं लागेल."

मी पडल्या पडल्या बाटलीतून पडणारे थेंब बघत राहिले. पोटात एवढा जाळ आणि त्यावर थेंब थेंब पाणी! फुटलं तर मी मरेन, एवढं मला सरळ कळत होतं. डॉक्टरीणबाई येत, पोटावर हात ठेवत, हलकेच दाबत आणि थांबत. कापायला शिकलेल्या माणसाने असं नुसतं हात ठेवून वाट बघावी, ह्याचं मला फार नवल वाटे. त्या हाताची मला देवळातल्यासारखी ओढ लागली.

नातेवाइकांना आत सोडत नव्हते. हे खाली रस्त्यावर उभे राहून ओरडत.

"अगं ए, वारा सरला काय?"

अख्ख्या रस्त्याने ऐकलं. वॉर्ड हसला. मी पांघरूण तोंडावर ओढलं, पण हो, सरला होता.

ताप उतरला, कळ मंदावली. भूक मात्र नव्हती. अन्नाच्या नुसत्या विचाराने मळमळायचं. "भूक लागली की समजा, आतडं जागं झालं," डॉक्टरीणबाई मला आणि खाली ह्यांनाही म्हणाल्या होत्या.

मग एका दुपारी हे स्टीलचा डबा आणि म्हशीचं दावं घेऊन आले. दाव्याचं टोक खिडकीकडे भिरकावलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी धरलं आणि डबा वर ओढून घेतला.

"पांढरा रस्सा हाय! ह्याच्याबिगर ताकद येत न्हाय. मी केलाय!"

ज्या माणसाने जन्मात चहाला आधण ठेवलं नव्हतं, त्याने खोबरं वाटलं होतं. मी झाकण उघडलं. खसखस नीट वाटलेली नव्हती, वर तुपाचे डोळे तरंगत होते. वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. पोटात गुरगुरलं. मी स्वतःच्या पोटावर हात ठेवून रडायला लागले. ज्याला कुणी सुरी लावली नव्हती, ते आतल्या आत बरं होत होतं.

पण तोंडाने काही घ्यायची अजून बंदी होती; झाकण लावून मी डबा तसाच खाली सोडायला लावला.

"का गं? बिघडलाय व्हय?"

"न्हाय! भूक लागलीया!"

डबा छातीशी धरून हे रस्त्यातच खाली बसले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं आणि मला चमचाभर पाणी दिलं. इतकं गोड पाणी मी कधी प्यायले नव्हते.

गल्लीत सगळे म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला. म्हणोत बापडे. अपेंडिक्स अजून पोटातच आहे, पुन्हा दुखू शकतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. आमच्या घरी आधी पुरुषांची पंगत बसते. पण आता मी "भूक लागली" म्हटलं की हे हातातलं काम टाकून येतात आणि पहिलं ताट मला वाढतात.