चार पोळ्यांचे प्रतिज्ञापत्र

रुग्ण : चि. सौरभ, वय तेवीस, कॅनडातील एका विद्यापीठाचा विद्यार्थी. लिहिणार : रुग्णाचा बाप मधुकर उमाटे, राहणार पिपरी मेघे, वर्धा, व्यवसाय कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिणे. साक्षीदार : एक, रुग्णाची आई कुंदा, दोन, शेजारी पंजाबराव. वेळ : मे महिन्यातील सोमवार, दुपार. स्थळ : वर्ध्यातील एका रुग्णालयाचा तातडीचा विभाग.

वरील वेळी व स्थळी डॉक्टरीणबाईंनी आम्हांस सांगितले, "याला अ‍ॅनोरेक्सिया नर्वोसा आहे." याचा अर्थ असा की, वजन वाढेल या भयाने माणूस भूक असूनही अन्न नाकारतो. मी म्हणालो, "मॅडम, हे तर मुलींचे दुखणे." त्या म्हणाल्या, "काका, मुलांनाही होतं. घरचे मानत नाहीत, म्हणून मुलं आमच्याकडे उशिरा पोहोचतात."

ज्यांची मुले शिकण्यास परदेशी आहेत, त्यांच्या माहितीसाठी पुढील हकीकत लिहीत आहे.

सौरभ सुट्टीत घरी आला तेव्हा वर्ध्यात उन्हाने डांबर मऊ झाले होते आणि हा स्वेटर घालून बसे. "बाबा, कूलर बंद करा न, थंडी वाजून राह्यली," म्हणे. एके दिवशी कुंदेने स्वेटर धुण्यासाठी ओढून काढला आणि ती भिंतीला टेकली. "अवो, इकडे या. याच्या पाठीची हाडं पाहा." मी पाहिले. त्याच क्षणी डॉक्टरकडे जावयास हवे होते.

परंतु तीस वर्षे मी कागद लिहीत आलो आहे. माझ्या कागदावर कचेरीत सहसा आक्षेप निघत नाही. मी बाँडपेपर आणून प्रतिज्ञापत्र तयार केले : 'मी खाली सही करणार, सकाळी दोन व सायंकाळी दोन पोळ्या वरणभातासह, साक्षीदारांसमक्ष खाईन.' सौरभने वाचून निमूट सही केली. पंजाबराव सही करताना म्हणाले, "उमाटेभाऊ, पोराले जेवायले बी कागद लागते काय?" मी त्यांना गप्प केले.

आठ दिवस त्याने चारही पोळ्या खाल्ल्या. जेवण होताच मोरीत जाई, नळ पूर्ण सोडी. मी त्यास स्वच्छतेची सवय समजलो. नवव्या दिवशी नळ वाहतच राहिला. हाका मारल्या, उत्तर नाही. पंजाबरावांनी खांदा लावून दार तोडले. सौरभ फरशीवर पडलेला होता, ओठ निळसर, आणि तोंडापाशी आत्ताच खाल्लेले अन्न.

रक्तातील पोटॅशियम, म्हणजे हृदयाचा ठोका सांभाळणारा क्षार, फार खाली गेले होते. "ठोका कधीही चुकू शकतो," असे बाई म्हणाल्या. मला बाहेरच्या बाकावर बसवले. आत कोणतेही यंत्र वाजले की मी उभा राही. ते आमच्या खाटेचे की शेजारच्या, हे कळत नसे आणि विचारण्याची छाती होत नसे.

कुंदा दुसऱ्या दिवशी पाटवडी आणि रस्सा घेऊन आली. सिस्टरने डबा परत केला. रीफीडिंग सिंड्रोम असा एक प्रकार असतो : उपाशी शरीरास एकदम पोटभर दिले तर रक्तातील क्षार कोसळतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून मोजून मापून द्यायचे, रोज रक्त तपासायचे. न खाल्ल्याने मरेल याचे भय होतेच, आता खाल्ल्याने मरेल याचेही झाले. कुंदा बंद डबा मांडीवर धरून सायंकाळपर्यंत बसली.

तिसऱ्या दिवशी तो बोलू लागला. मी विचारले, "काऊन फसवलं रे मले? सही केली होती तू."

"फसवलं कुठं, बाबा? तुमच्या कागदात खायचं लिवलं होतं. पोटात ठेवायचं नव्हतं लिवलं."

दुसऱ्यांच्या कागदातील उणिवा काढण्यात माझे आयुष्य गेले. माझ्या कागदातली ही उणीव मला दिसली नव्हती.

मग छताकडे पाहत तो म्हणाला, "तिथं मले कोणी चांगलं म्हणत नव्हतं. वजन उतरलं तं खोलीतले पोरं शाबास म्हणाले. अन् तुम्ही बी. व्हिडिओ कॉलवर म्हणाले, आता हिरो दिसतो." मी तसे म्हणालो होतो. कुंदा त्याचीही साक्षीदार आहे.

तीन आठवड्यांनी घरी सोडले. विद्यापीठाने रजा दिली आहे, मनोविकारतज्ज्ञांकडे दर आठवड्यास जाणे आहे. वजन चढते, मध्येच उतरते. बाईंनी बजावले, "याला पुष्कळ काळ लागेल. आणि सारखं 'जेवलास का' विचारू नका." आमच्या घरात तर याखेरीज दुसऱ्या प्रश्नाने बोलणे सुरूच होत नसे.

काल मोरीतला नळ वाजला. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. आतून आवाज आला, "बाबा, दात घासून राह्यलो. जा तुम्ही." मी गेलो, चार पावलेच गेलो.

सबब, परदेशी मुले असलेल्या पालकांना विनंती की, मुलगा बारीक दिसल्यास कौतुक करण्यापूर्वी त्याची विचारपूस करावी आणि कागद करण्यापूर्वी डॉक्टर गाठावा. सदर प्रतिज्ञापत्र मी आडवी रेघ मारून, सही करून रद्द केले आहे.

चि. सौरभ यांस स्वतंत्र विनंती : तू कसा आहेस, याचे उत्तर तुझ्या सवडीने मिळावे. उत्तर खरे असावे. माझ्या सोयीचे नसले तरी ते मी दाखल करून घेईन.

आपला अर्जदार,
मधुकर उमाटे