तळाशी बसलेला कचरा

"ती ना, गाळणी आहे यार! शब्द सगळे आत अडकतात, बाहेर येतं फक्त 'हं'."

पॅन्ट्रीत सिद्धेश माझ्याबद्दल बोलत होता, बाकीचे हसत होते. मी दाराबाहेर, रिकामा मग हातात धरून. तिथून पुढे जे झालं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही — आईलाही नाही. तुला सांगते.

आमचं ऑफिस घाटकोपरला. अणुभट्टीतला गरम पाण्याचा पाइप फुटला, तर त्याच्यावरचं लोकरीसारखं आवरण फाटून पाण्यात पडतं. ते वाहत जाऊन पंपाच्या जाळीवर साचलं, की भट्टी थंड ठेवणारं पाणीच अडतं. हा कचरा कुठे जाईल ते आम्ही कम्प्युटरवर काढतो. मॉडेल सिद्धेशचं, तपासायचं काम माझं. मी इंग्लिश मीडियमची, पण इंग्लिशमध्येही गप्पच. म्हणून काय कुणीही काहीही बोलावं?

पुढच्याच आठवड्यात तो माझ्या टेबलाशी आला. "बघ ना गं, काही राहिलंय का? या रिव्ह्यूवर माझं पर्मनंट होणं ठरणार आहे."

मी पाहिलं. सगळा कचरा तळाशी शांत बसलेला, जाळी लख्ख. का — ते लगेच कळलं. फुटलेल्या पाइपातून कोसळणारं पाणी त्याने हिशेबात धरलंच नव्हतं. ते पाणी तळ ढवळणार, कचरा उठणार, जाळीकडे जाणार. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, "हं."

तो थँक्स म्हणून गेला. मला किती बरं वाटलं — कसं सांगू? घाबरून गप्प बसले म्हणू? नाही. त्या दिवशी मी अजिबात घाबरले नव्हते. आणि चूक रिव्ह्यूतही सुटली असती तर? तो विचार आला होता. मी तो बाजूला सारला.

सुटली नाही. रिव्ह्यू घेणाऱ्या मॅडमनी पहिल्याच चित्रावर बोट ठेवलं. "वरून एवढं पाणी पडतंय, आणि हे हलत कसं नाही रे?"

सिद्धेशचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. मी अजून तिथेच आहे. ते आठवलं की आजही आधी गोड वाटतं — बाकीचं मागून येतं.

पण नुसतं गप्प बसणं एवढंच असतं तर हे लिहिलं नसतं. रिव्ह्यूच्या त्या खोलीत सिद्धेशने माझ्याकडे पाहिलं — तू तरी सांग, अशा नजरेने. मॅडमनी विचारलं, "तू तपासलं होतंस ना?" सगळ्यांच्या माना वळल्या. माझा आवाज, कधी नव्हे तो, खणखणीत निघाला.

"नाही मॅडम. त्याने मला दाखवलंच नव्हतं."