सिंदी मेघेतली सतरंजी आणि आंजीचं तेल

खोबरेल तेलाची बाटली उघडली, की मला सिंदी मेघेतल्या आमच्या प्रार्थनाघराचा तो रविवार आठवतो. वरचे पत्रे तापले होते, ढोलकीवरचं गाणं नुकतंच थांबलं होतं आणि आंजी गावात आमची शाखा सुरू करायला पास्टरांनी माझ्या धाकट्या जावेचं नाव पुकारलं. तिला इथे मीच हाताला धरून आणलं होतं! प्रार्थना एका खोलीत भरायची तेव्हापासून सतरंज्या मी झटकत होते, आणि पाठवायला मात्र ती. पास्टरांनी तिच्या कपाळाला तेल लावलं, आशीर्वादासाठी सगळ्यांनी तिच्याकडे हात पुढे केले. मी माझा हात पदराखालीच ठेवला. निघताना ती माझ्यापाशी येऊन वाकली. "ताई, साऱ्याइचे हात दिसले, तुमचाच नाई दिसला. तुमी डोक्यावर हात ठेवल्याबिगर मी जात नाई." मी हात ठेवला, डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हटलं, देवा, हिचं तिथे काही जमू देऊ नको. आज आंजीची शाखा आमच्या प्रार्थनाघराहून मोठी आहे. शाखेच्या दर वर्धापनदिनाला जाऊ सगळ्यांसमोर उभी राहून साक्ष देते, "हे सारं आमच्या ताईच्या प्रार्थनेनं झालं," आणि सगळे माझ्याकडे वळून पाहतात, तेव्हा मलाही 'आमेन' म्हणावं लागतं.