नानांच्या मायची बोली

नाना देवाशी अहिराणीत भांडायचे आणि माणसांशी ज्याच्या त्याच्या भाषेत बोलायचे. ते आमच्या शाळेचे शिपाई. दुपारच्या सुट्टीत गावातून एक फेरी मारली की किराणा दुकानातल्या शेठशी गुजराती, शिंपी चाचांशी हिंदी, कापूस वेचायला सातपुड्यातून उतरलेल्या बायांशी त्यांची पावरी, आणि उरलेल्या गावाशी अहिराणी. आपण भाषा बदलतो आहोत हे त्यांच्या गावीही नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “बाई, ज्याना घरमा जानं शे, त्याना दारमातीनच जानं पडस ना.”

मुलांनो, तुम्ही दोघांनी त्यांना पाहिलेलं नाही. गेल्या महिन्यात ते गेले. तुम्ही फोनवर मला ‘आजी, हाऊ आर यू’ एवढं विचारता आणि मी ‘फाइन’ म्हणते. त्यात ही गोष्ट सांगता येत नाही. म्हणून लिहिते आहे. तुमचे बाबा वाचून दाखवतील.

नरडाण्याजवळच्या त्या गावात मी इंग्रजी शिकवायला गेले तेव्हा नव्या उत्साहात होते. माझी वही, माझा डबा, माझं बोलणं, सगळं नीटनेटकं. माझ्या आईची सावद्याकडची बोली मी कॉलेजात जाताना घरीच ठेवून आले होते, ती पुन्हा कधी आणली नाही. त्यामुळे नाना व्हरांड्यात “बठ्ठा पोरे आत बसा” असं ओरडले की मला राहवायचं नाही. मी म्हणायचे, “नाना, ‘सगळी मुलं’ म्हणा. मुलं ऐकतात.” ते हो म्हणायचे. साहेब तपासणीला आले की खरोखरच ‘आहे’, ‘नाही’, ‘होय साहेब’ असं बोलायचे, हात मांडीला चिकटवून, ताठ. एकदा साहेब गेल्यावर मला म्हणाले, “मी साहेबसनी भाषा बोलस ना, ते दुसराना सदरा घाली उभा शे असं वाटस.”

तरी मजुरांची पावरी बोलणारी मुलं पहिलीत येऊन बसली की गुरुजी नानांनाच हाक मारायचे. गुरुजींची बेरीज त्या मुलांपर्यंत नानांच्या तोंडूनच पोचायची. एकदा एक मुलगी चार दिवस पाणी प्यायला उठली नाही. विचारायचं कसं हेच तिला ठाऊक नव्हतं. नानांनी तिच्याजवळ बसून काहीतरी सांगितलं आणि ती उठून माठाकडे गेली. त्या दिवशी त्यांनी देवाला बराच वेळ झापलं. शाळेमागच्या मारुतीसमोर उभं राहून, अहिराणीत.

पावरी त्यांना आली ती आईकडून. त्यांच्या वडिलांनी डोंगरातली बायको केली म्हणून भाऊबंदांनी त्यांना वेगळं काढलं होतं. पारावर बसलेले लोक नानांना डिवचायचे, “नाना, तू कोना रे? आमना का डोंगरना?” नाना म्हणायचे, “जो चहा पाजस त्याना.” लोक हसायचे, नानाही हसायचे. माय मात्र हसत नव्हती. ती नवी आली तेव्हा बायकांनी विहिरीवर तिच्या बोलण्याची नक्कल केली होती. त्यानंतर ती गावात कुणाशी बोलली नाही. जन्म त्या गावात काढला, पण घराबाहेर मुकीच. आवाज निघायचा तो फक्त नाना समोर असले की.

मग एका वर्षी आम्हा शिक्षकांवर शिरगणतीचं काम आलं. माझ्या वाट्याला आमचंच गाव आणि वाट दाखवायला नाना. फॉर्ममध्ये खूप रकाने होते. वेळ वाचावा म्हणून मी आदल्या दिवशी पट्टी ठेवून सगळ्या पानांवर दोन रकाने आधीच भरून टाकले. सगळ्यांचं उत्तर एकच येणार असं मला वाटलं. राष्ट्रीयत्व, भारतीय. मातृभाषा, मराठी. वरपासून खालपर्यंत अक्षर एकसारखं, सुंदर. मी त्यावर खूश होते.

तिसऱ्या दिवशी, सगळ्यात शेवटी, नानांचं घर आलं. त्यांनी पानात डोकावून बोट ठेवलं.

“बाई, हाई आधीच लिखी ठेवेल शे?”

“सगळ्यांचं तेच असणार ना, नाना.”

“भारतीय, हाई बराबर शे. बठ्ठाच शेतस. पन बठ्ठा एकच बोलतस, हाई कोनी सांगं तुम्हले?”

“अहिराणी मराठीतच धरतात, नाना.”

“बरं, धरा. मंग मनी मायनी बोली कसामा धरतस?”

त्यांनी मायला आतून बोलावलं. ती पदर सावरून उंबऱ्यात बसली. नानांनी तिला तिच्या भाषेत म्हटलं, तू काय बोलतेस ते सरकारला सांग. ती माझ्याकडे बघून म्हणाली, पावरी. थांबली, आणि पुन्हा म्हणाली, पावरी. मग आणखी एकदा, मोठ्यानं. गावातल्या माणसाशी तिला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. नाना म्हणाले, “लिखा बाई. मायनं पावरी, मनं अहिराणी.”

मी म्हणाले, घरी जाऊन नीट करते.

सरकारी फॉर्मवर खाडाखोड केली तर प्रत्येक ठिकाणी सही करावी लागे, आणि खाडाखोड फार असली तर अख्खं पान पुन्हा उतरवायला लावत. माझी पानं आजवर कधी परत आली नव्हती. दुसऱ्या दिवशी गठ्ठा धुळ्याला गेला, जसा होता तसा. नानांनी विचारलं, “लिखं ना, बाई?” मी म्हणाले, “लिहिलं.”

त्याच उन्हाळ्यात माय गेली. पारावर कुणी डिवचलं की नाना आता चहाचं बोलत नसत. म्हणायचे, “मनी मायनी बोली दिल्लीले गई. तुमनी गई का?” मी रजिस्टर घेऊन शेजारून जायचे.

गेल्या वर्षी मी जळगावहून धुळ्याला त्यांना भेटायला गेले. ते नातवाकडे राहत होते, दोन खोल्यांत. नजर अधू झाली होती, आवाज तोच. त्यांच्या मामेभावाचा मुलगा, पावरी बोलणारा, सुरतेला कामाला गेला होता. तिथल्या दोघांना त्याच्या बोलण्याचा संशय आला, आणि तू या देशातला आहेस हे सिद्ध कर म्हटल्यावर तो दोन दिवस कागद गोळा करत बसला. नातू हे सांगत असतानाच कसल्याशा सरकारी पाहणीची एक मुलगी टॅब घेऊन दारात आली. नावं झाली, वयं झाली. मग तिनं विचारलं, “आजोबा, मातृभाषा?”

मी खुर्चीत पुढे सरकले. म्हटलं, निदान आता तरी.

नाना म्हणाले, “मराठी लिहा.” ‘लिखा’ नव्हे, ‘लिहा’. तपासणीच्या आवाजात.

“नाना, अहिराणी सांगा ना,” मी म्हणाले. “ती लिहून घेईल.”

“नको, बाई. येगळं लिखं का येगळं धरतस. पोरेसले तरास नको.” मुलीनं बटण दाबलं आणि पुढचा प्रश्न विचारला. ती गेल्यावर नानांनी चाचपडत दार लोटलं. मग माझ्या दिशेनं वळले. “मायनं ते शे ना तठे? तुम्हीच लिखेल शे. तेवढं बस.”

नातवाच्या बायकोनं चहा आणून दिला. मी कप हातात धरला.

“हो, नाना,” मी म्हणाले. “तिथे आहे.”