टाकी काठोकाठ भरली तेव्हा

“एवढीशी मोटर?” आमच्या ह्यांनी ती तळहातावर घेतली, उलटी केली, कानाशी नेऊन हलवली. “हिनं तुळशीलासुद्धा पाणी चढायचं नाय.”

“तुळशीला नाही घालायचं. कम्प्युटरला घालायचंय.”

“कम्प्युटरला पाणी.” एवढं बोलून ते माझ्याकडं बघत राहिले. आता हिचं डोकं तपासून घ्यावं का, असा चेहरा.

आमचं दुकान क्रांती चौकातून आत वळल्यावर दोन गल्ल्या सोडून आहे. पुढच्या भागात हे पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतात, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी भरतात. मागच्या भागात मी कम्प्युटर जुळवते. माझं शिक्षण दहावी. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांच्याकडून वाइंडिंग शिकले. मग एकदा कुणीतरी बिघडलेला कम्प्युटर आणून टाकला. तो मी उघडला आणि मला परत जोडता येईना. त्या लाजेपोटी जे शिकायला लागले ते अजून शिकतेच आहे.

तर त्या दिवशी टेबलावर दोन मोटारी होत्या आणि शनिवार पाच दिवसांवर होता.

शनिवार होता नसरीनचा. ही गुलमंडीच्या मागं राहते. इमारत बांधायच्या आधीच ती कम्प्युटरमध्ये अशी उभी करते की बघणाऱ्याला तिच्यातून चालत फिरता येतं. त्याला वॉकथ्रू म्हणतात. पोरीनं चांगली नोकरी सोडून स्वतःच्या नावानं पहिलं मोठं काम धरलेलं. एका ट्रस्टचा दवाखाना. शनिवारी अकरा वाजता ट्रस्टी मंडळी तिच्या घरी येणार, स्क्रीनवर दवाखान्यातून फिरणार आणि पुढचं सगळं काम हिला द्यायचं का पुण्याच्या एका मोठ्या ऑफिसला, ते ठरवणार.

आणि तिचं मशीन वीस मिनिटांत बंद पडत होतं.

दोष मशीनचा नव्हता. मे महिना, गच्चीवरची पत्र्याची खोली. कम्प्युटरचे पंखे खोलीतलीच हवा आत मारतात, आणि ती हवा भट्टीतली. चिप तापली की मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. वर पंख्यांचा आवाज इतका की तिची अम्मी खालून ओरडायची, “नसरीन, चक्की चालू है क्या ऊपर?”

“काकू, वॉटर कूलिंग करूया,” नसरीन म्हणली. मी हो म्हणलं. खरं सांगू? अंगावर काटा आला होता. दहा वर्षं मी हे नुसतं व्हिडिओत बघत होते. स्वतः कधी केलं नव्हतं.

हे असतं साधंच. गाडीच्या इंजिनला असतं तसं. तापणाऱ्या चिपवर धातूचा एक पोकळ ठोकळा बसवायचा, त्यातून पाणी जातं, उष्णता उचलतं, पुढं रेडिएटरमध्ये जाऊन ती सोडतं आणि परत येतं. पाणी खोलीपेक्षा थंड होत नाही, पण उष्णता झटकन उचलून मोठ्या जागेवर पसरवतं. पंखे मग हळू फिरले तरी चालतात. हे पाणी फिरवायला लागते मोटर, म्हणजे पंप. आणि पंपाला कायम पाणी मिळावं म्हणून लागते टाकी. कॅटलॉगमध्ये तिला रेझरव्हॉयर म्हणतात, मी टाकीच म्हणते.

दोन पंपांतला एक लहान, जोरकस, पण गुणगुणणारा आणि स्वतःच तापणारा. दुसरा थोडा मोठा, गोल, शांत, मागं वेग कमीजास्त करायची चकती. जोर पहिल्यापेक्षा कमी.

“जोराचा घे,” हे म्हणले. “किती मजले चढवतो ते बघायचं. बाकी सगळं पोराटोरांचं काम.”

आमच्या शहरात मोटर अशीच विकली जाते. नळ आठवड्यातून एकदा येतो, आला की सगळी गल्ली मोटारी लावते, आणि ज्याची मोटर जोराची त्याची टाकी आधी भरते. चाळीस वर्षं आम्ही गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारत आलो, मजले किती?

मी बादली आणली, पारदर्शक पाइप आणला. शांत पंप बादलीत टाकला आणि पाइपचं तोंड वर वर नेत गेले. माळ्यापर्यंत धार बारीक होत होत करंगळीएवढी झाली.

“बघ! संपला दम,” हे खूश.

“आता बघा.” पाइप माळ्यावरून तसाच खाली आणला आणि त्याचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडवलं. दोन-चार बुडबुडे निघाले, आणि पाइप भरताच पाणी असं धावायला लागलं की बादलीत भोवरा झाला. पंप तोच, माळा तोच.

हे खुर्चीवरून उठले. पाइपला हात लावून बघितला.

“परत कर.”

परत केलं. मग त्यांनी स्वतः केलं. तिसऱ्यांदा केलं.

जत्रेतला मोठा पाळणा आठवा. खाली येणारी माणसं वर जाणाऱ्यांना तोलून धरतात, म्हणून तो इतक्या सहज फिरतो. पाण्याचं चक्र बंद असलं की तसंच होतं. खाली उतरणारं पाणी वर चढणाऱ्याला ओढतं. मग मजल्यांचा हिशोबच राहत नाही. पंपाला फक्त ठोकळ्यांतल्या आणि रेडिएटरमधल्या बारीक वाटांतून पाणी ढकलायचं असतं. आपल्याला दोन ठोकळे, एक मुख्य चिपवर, एक चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर, आणि दोन रेडिएटर. तेवढ्याला शांत पंप मध्यम वेगावर भरपूर होता.

“हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाय,” हे म्हणले.

“तुम्ही कुणाला विचारलंत?”

टाकीवरून नसरीनशी भांडण झालं. तिला सगळ्यात मोठी पाहिजे होती, हातभर उंच. “काकू, जितकी मोठी तितकं थंड ना?” नाही बाई. तेच पाणी फिरत राहतं. टाकी मोठी म्हणजे तापायला थोडा जास्त वेळ, बस. तिचं खरं काम दोनच. पंपाच्या डोक्यावर सतत पाणी ठेवायचं, कारण हे पंप पाण्यावरच वंगण घेतात, कोरडे चालले की गेले. आणि चक्रात अडकलेले बुडबुडे वर घेऊन सोडून द्यायचे. मी वीतभर उंचीची नळकांड्यासारखी टाकी निवडली, जिच्या बुडालाच पंप बसतो. मोटर खाली, टाकी वर. आपल्या घरात असतं तसंच, फक्त घरात मोटर टाकीला पाणी देते, इथं टाकी मोटरला.

“दिसायला छान आहे पण,” नसरीन म्हणली. म्हणजे मान्य.

चार दिवसांत सगळं जुळवलं. शुक्रवारी सकाळी मशीन कोरडंच रिक्षातून नेलं, मांडीवर घेऊन. पाणी तिथंच भरायचं ठरवलेलं. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आदल्या दिवशीच नसरीनकडं पोचवून माठाशेजारी ठेवायला लावलेला. बोअरचं पाणी चालत नाही, क्षार धरतं. अम्मी जिन्यात उभ्या. त्या मला बाजी म्हणतात, म्हणजे ताई.

“बाजी, बिजली के डब्बे में पानी डाल रै तुमे? मेरेकू तो डर लगता.”

“मलापण,” मी म्हणलं.

रीत अशी असते. आधी बाकी कम्प्युटरला वीज द्यायचीच नाही. फक्त पंप चालू करायचा आणि प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवायचा. गळती असली तर पेपर सांगतो, आणि वीज नसल्यानं काही जळत नाही. पाणी टाकीत ओतलं, पंप लावला, आणि ते नळ्यांतून पळत निघालं तेव्हा आम्ही दोघी लहान पोरींसारख्या ओरडलो. नसरीननं माझा दंड इतका दाबला की वळ उठला.

मग मी मशीन या कुशीवर, त्या कुशीवर तिरकं करून एकूण एक बुडबुडा बाहेर काढला. टाकीतलं पाणी खाली गेलं की नसरीन वरून भरायची.

“काकू, अजून थोडं जातंय.”

“जाऊ दे. भर.”

गळ्यापर्यंत भरलं. झाकण नाण्यानं घट्ट फिरवलं. टाकी अशी दिसत होती जसा काचेचा खांब. मला इतका अभिमान वाटला की ह्यांना फोटो पाठवला.

बारा वाजता सगळे पेपर कोरडे. एक वाजता कोरडे. अम्मींनी जेवायला घातलं, खिचडी आणि खट्टा, म्हणजे चिंचेचं आंबट सार. साडेतीनला वर आलो तर ग्राफिक्स कार्डाखालचा पेपर ओला.

नसरीन खाली बसली. मी तो सांधा आवळला, पेपर बदलला. पाच मिनिटांत त्याच्या शेजारच्या सांध्याखाली थेंब. तिथला रबराचा वॉशर बदलला. आता पहिल्याच सांध्यातून परत.

“काकू, फोन करू का त्यांना? पुढच्या आठवड्यात या म्हणते.”

“येतील का?”

“नाही येणार.” फोन तिच्या हातातच होता. “शनिवार नाहीतर पुणे, असं सरळ सांगितलंय त्यांनी.”

“मग थांब जरा.”

माझ्या डोक्यात ह्यांचाच आवाज. पंपाचा जोर जास्त झाला असेल. चकती फिरवून वेग अगदी कमी केला. थेंब चालूच. मग पंपच बंद केला.

थेंब चालूच.

आता मात्र मी सावरून बसले. पंप बंद, तरी पाणी बाहेर ढकललं जातंय. ढकलतंय कोण? टाकीच्या झाकणावर नाणं ठेवलं आणि अर्धा आटा फिरवला. फुस्स झालं आणि पाणी आपणहून वर आलं, माझ्या बोटांवरून ओघळलं. कोमट होतं. आणि त्याच क्षणी खालचा थेंब थांबला.

मी हसायलाच लागले. नसरीनला वाटलं काकू गेल्या कामातून.

सकाळी आठला माठाजवळचं गार पाणी भरलं. दुपारी साडेतीनला पत्र्याखाली तेच पाणी तापलं. पाणी तापलं की फुगतं, चमचाभरच, पण फुगतं. नळ्या कडक, टाकी कडक, झाकण घट्ट, आणि आत हवेचा एक बुडबुडा मी शिल्लक ठेवला नव्हता. पाण्याला जायला जागाच नाही. मग ते सांध्यांतून वाट काढणार. टाकीत वर थोडी हवा राहू द्यायची असते. हवा दबते आणि पाण्याला जागा देते. हे मी वाचलेलंसुद्धा होतं. पण हातात भांडं आलं आणि समोर टाकी आली की या शहरातली बाई वाचलेलं विसरते.

अम्मी सरबत घेऊन वर आल्या. भरलेली टाकी बघितली, माझे ओले हात बघितले, सगळं ऐकून घेतलं.

“नल आया समझ के भर लिए क्या दोनों?”

सरबत नसरीनच्या नाकात गेलं.

खाली मेडिकलमधून सुईशिवायची सिरिंज आणली. टाकीतून पाणी काढत गेले. चार बोटं जागा मोकळी केली. आवळलेले दोन्ही सांधे सोडून नवे वॉशर घातले, सगळं पुसलं, पंख्याखाली वाळवलं. पंप लावून तासभर नव्या पेपरांवर नजर ठेवली. खोली अजून तापलेलीच होती, म्हणजे परीक्षा खरी होती. पेपर कोरडे. मग देवाचं नाव घेऊन सगळ्या मशीनला वीज दिली.

नसरीननं तिचा दवाखाना उघडला आणि पूर्ण जोरात फिरवत ठेवला. वीस मिनिटं झाली, तेव्हा आम्ही तिघी घड्याळाकडं बघत होतो. पंचवीस झाली. चाळीस झाली. तास झाला. पंखे हळू फिरत होते. अम्मी कान लावून म्हणल्या, “चालू है ना? आवाज कायकू नै?”

शनिवारी मी मुद्दाम गेले. एक कोपरा धरून बसले. पाच ट्रस्टी आले. रिसेप्शन बघितलं, वॉर्ड बघितले, तिसऱ्या मजल्यावरचं ऑपरेशन थिएटर दोनदा बघितलं. रुग्णाची गाडी लिफ्टमध्ये वळते का, यावर त्यांचा आपसात वाद झाला. नसरीननं तिथल्या तिथं भिंत सरकवून दाखवली. सव्वा तास मशीन हूं की चूं न करता चाललं. उठताना त्यांच्यातले सगळ्यात वयस्क, ज्यांना बाकीचे अण्णा म्हणत होते, ते टाकीपाशी वाकले.

“यात पाणी फिरतंय म्हणता? किती मजले चढवते ही मोटर?”

“एकपण नाही,” मी म्हणलं.

“मग उपयोग काय तिचा?”

नसरीननं माझ्याकडं रागानं बघितलं, म्हणून मी गप्प बसले. काम तिलाच मिळालं. सोमवारी मिठाई घेऊन दुकानात आली. ह्यांनी पेढा तोंडात टाकता टाकता तिला बादलीचा प्रयोग करून दाखवला, जणू स्वतःच शोधून काढलाय.

पंप निवडायला मी एवढं डोकं लावलं, आणि चुकले ते झाकण लावताना. त्यानंतर आणखी तीन मशीन केली. आता टाकी हातात आली की आधी मार्करनं तिच्यावर रेघ मारते आणि शेजारी लिहिते, ‘इथपर्यंतच’.

या मंगळवारी आमचा नळ आला. मी वरची टाकी भरली, दोन ड्रम भरले, हंडे, बादल्या, कुकरसुद्धा. सगळं काठोकाठ.