संध्याकाळची धार कोण काढणार

"मंग म्हैसलेबी लई चाल बसमां," सरला म्हणाली आणि हातातलं सूप तिने ओट्यावर आपटलं.

म्हशीलाही बसने न्यायचं ऐकून जमनाबाईंनी मान वर केली नाही. त्या तूर पाखडत होत्या. म्हैस नुकती व्यालेली, त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नाही, नंदुरबारहून परत यायला अंधार पडणार, संध्याकाळची धार चुकली तर कास सुजणार. हे सगळं त्यांनी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं शांतपणे पुन्हा सांगितलं. मग नेहमीचं वाक्य जोडलं.

"माले काहीच दुखस नही."

"दुखाले लागनं म्हंजे उशीर व्हई जास," सरला म्हणाली. हे वाक्य तिने गावात इतक्या दारांत म्हटलं होतं की आता ते तिचं तिलाच ऐकू येत नसे.

सरला त्या गावची आशा कार्यकर्ती. जमनाबाई तिची थोरली जाऊ. पावसाळ्यानंतर उपकेंद्रात बायकांची तपासणी झाली तेव्हा सरलानेच घरोघर फिरून बायका गोळा केल्या होत्या आणि घरातूनच सुरुवात हवी म्हणून जावेला पहिल्या रांगेत बसवलं होतं. औषधाचं पाणी लावून बघतात, दोन मिनिटांचं काम. जमनाबाईंच्या गर्भाशयाच्या तोंडाशी पांढरा डाग दिसला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की हा कर्करोग नव्हे, पण पुढे तो होऊ नये म्हणून जिल्ह्याच्या दवाखान्यात दुर्बिणीतून बघून घ्यायला हवं, आणि वेळेत गेलं तर उपचारही थोडक्यात होतो. तारीख मिळाली. त्या दिवशी कापूस वेचायला मजूर आले. दुसरी तारीख मिळाली, तेव्हा नात्यात लग्न निघालं. आता तिसरी तारीख उद्याची होती, आणि मध्ये म्हैस.

गावातल्या आणखी चार बायकांना असेच डाग निघाले होते. त्या चौघी जाऊन आल्या. त्यांतल्या जसोदाबाईंच्या नवऱ्याला सरलाने टपरीवर गाठलं होतं. दुसरीच्या सासूला ती स्वतःच सोबत घेऊन गेली, म्हणजे सुनेला कुठे नेलं हे विचारायला मागे कुणी उरू नये. एक जण पडद्याआड गेल्यावर उठून पळायला लागली, तेव्हा सरला तिचा हात धरून आत उभी राहिली आणि तिच्या माहेरच्या भांडणांची चौकशी करत बसली, तपासणी संपेपर्यंत. सरला भांडखोर आहे, असं अख्खं गाव म्हणे. पण ती दारात येऊन बसली की बाई चप्पल घालेपर्यंत उठत नाही, हेही गावाला माहीत होतं. घरात मात्र ती धाकटी होती. धाकटीने दारात बसून काय होणार, ती तर रोजच घरात बसलेली.

म्हशीवर उपाय नव्हता असं नाही. हट्टी जनावरापुढे मालकिणीचं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर ओढून बसलं की ते फसतं, हे तिकडे सगळ्यांना ठाऊक. मागच्या आठवड्यात सरला जमनाबाईंचं हिरवं लुगडं नेसून गोठ्यात गेली होती. म्हशीने एकदा हुंगलं आणि बादली लाथेने भिंतीपर्यंत उडवली. "तुन्हा आंगले दवाखानाना वास येस," जमनाबाई म्हणाल्या, आणि त्यांना त्या गोष्टीचं दुःख झालेलं मुळीच दिसत नव्हतं.

म्हैस आणखी एकाच माणसाला ओळखत होती. चुनीलाल, जमनाबाईंचा नवरा. वैरण-पाणी तोच करी. त्याने लुगडं पांघरलं असतं तर काम झालं असतं. पण चुनीलाल सरलाचा जेठ, थोरला दीर. लग्न होऊन आल्यापासून सरला त्याच्यासमोर पदर कपाळापर्यंत ओढून वावरत होती आणि एक शब्द थेट बोलली नव्हती. जे सांगायचं ते जमनाबाईंमार्फत, नाहीतर आपल्या नवऱ्यामार्फत. डागाची गोष्ट जमनाबाई स्वतः नवऱ्याला सांगणार नव्हत्या, म्हणून सरलाने ती आपल्या नवऱ्यावर, हेमराजवर सोपवली होती. सांगितलं, असं हेमराज म्हणाला होता. जेठ काहीच बोलत नाहीत याचा अर्थ त्यांना हे नको आहे, असं सरला आजवर धरून चालली होती आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होती.

चुनीलाल शहाद्याहून परतला तो दिवे लागायच्या सुमाराला. सरलाला पाहून उंबऱ्याबाहेरच थांबला, खाकरला. तिने पदर ओढून घेतला. त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढून बायकोपुढे ठेवली. हेमराज म्हणत होता पित्त फार वाढलंय, या नव्या गोळ्या जेवणाआधी घे, असं काहीसं तो म्हणाला आणि अंगणातल्या खाटेवर जाऊन बसला. जमनाबाईंनी पट्टी उचलून फडताळात ठेवली. तिथे तसल्याच दोन पट्ट्या आधीच होत्या, अर्ध्या संपलेल्या.

सरला फडताळाकडे बघत राहिली. मग मागच्या खोलीत गेली. हेमराज मोबाइल बघत होता.

"पित्त?"

हेमराजने मोबाइल पालथा ठेवला. "मोठा भाऊले मी आसं कसं सांगू? बायासनी गोठ ती." बायकांची गोष्ट म्हणून पोटाचं काहीतरी आहे इतकंच तो म्हणाला होता. पोटाचं म्हणजे पित्त, हे भाऊनेच धरलं. हेमराजने फक्त नाही म्हटलं नाही.

त्यावर बोलण्यासारखं सरलाकडे पुष्कळ होतं, पण ते बोलत बसलं असतं तर रात्र गेली असती. ती परत स्वयंपाकघरात आली.

"भाभी, म्हैस ऱ्हाऊ दे. तुले येवानं शे का नही?"

जमनाबाईंनी रिकामं सूप झटकलं. पिशवी काढून टाकतील असं वाटतं, एवढं हळूच म्हणाल्या. नवापूरच्या बहिणीची काढली होती, तेव्हापासून तिचा नवरा तिला कामातून गेलेली म्हणतो. सरलाने सांगितलं की उद्या फक्त बघणार आहेत, आणि पुढचं काहीही तुला विचारल्याशिवाय कुणी करणार नाही, मी आत उभी राहीन. जमनाबाईंनी सूप भिंतीला टेकवून ठेवलं.

"त्यासले सांग. मंग येसू."

म्हणजे इतके दिवस त्या पित्ताच्या गोळ्या गिळत होत्या, कारण नवऱ्याला सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

सरला अंगणात गेली. हेमराज मागोमाग दारापर्यंत आला आणि तिथेच थबकला. पदर तिने नेहमीसारखाच ओढला होता, फक्त ती खाटेसमोर जाऊन उभी राहिली. चुनीलाल अर्धवट उठला. जेठाशी बोलायला घरच्या बोलीत तिच्याजवळ शब्दच नव्हते, कधी लागलेच नव्हते. म्हणून ती दवाखान्यात बोलते त्या मराठीत बोलली.

"भाभींना पित्त नाही. त्यांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी डाग आहे. वेळेत उपचार झाला तर थोडक्यात भागेल, ठेवला तर वाढू शकतो. उद्या पहिल्या बसने मी त्यांना नंदुरबारला नेणार आहे. सकाळची धार त्या काढून जातील, संध्याकाळची तुम्ही काढायची. हिरवं लुगडं गोठ्यातल्या खुंटीला टांगून ठेवते."